वाणात वाटलेलं कडं

माझ्या मालकांना आग विझवल्याबद्दल भोरच्या दरबारात चांदीचं कडं मिळालं आणि त्या वर्षापासून आमच्या गावाने आग विझवणं सोडून दिलं. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते. लोक हसतात, आणि मग ते कडं आता कुठे आहे असं विचारतात. तेवढं सांगायला बसलं की पहिल्यापासून सगळंच सांगावं लागतं. आता त्याचाही कंटाळा येतो, म्हणून एकदाच लिहून टाकते.

माझं माहेर भोरचं. संस्थान होतं तेव्हाची ही गोष्ट. माझे वडील बंबावर कामाला होते. बंब म्हणजे चाकांवरची पाण्याची टाकी आणि तिच्या दोन्ही अंगांना लांब दांडे. माणसांनी ते दांडे आळीपाळीने खालीवर दाबायचे, मग नळीतून पाणी उडायचं. आग नसली तरी वडील तो बंब घासूनपुसून लख्ख ठेवत. मुलींच्या शाळेत त्यांनी मला घातलं, म्हणून आज हे लिहिता येतं. दिलं मात्र मार्गासनीच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकलेल्या एका लहान गावात. तिथे बंब कुठला. एक ओढा, एक विहीर, कारवीच्या कुडाच्या भिंती आणि वर गवताची छपरं.

नवी नवरी होऊन आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात कड्याखालचं गवत पेटलं. सासूबाईंनी चुलीवरचं कालवण उतरवलं, चुलीत पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "चल, घागर घे." आग विझेपर्यंत गावात कुणाचीही चूल पेटायची नाही, अशी रीत होती. जो आगीला जाणार नाही त्याच्या घरी पुढे कुणी विस्तव द्यायचं नाही. त्या काळी सकाळी उठून शेजारणीच्या चुलीतला निखारा गोवरीवर आणायचा आणि आपली चूल पेटवायची. काडेपेटी असे, पण जपून वापरायची. शेजारीण विस्तव देईना झाली तर बाईला पाणवठ्यावर तोंड दाखवायची सोय राहत नसे. त्यामुळे म्हातारीकोतारीसुद्धा निघत. पुरुष जांभळीच्या ओल्या डहाळ्यांनी पेटतं गवत झोडपत, काही जण पुढे जाऊन कोयत्याने गवत कापत आणि आगीच्या वाटेत मोकळा पट्टा करत. आम्ही ओढ्यावरून घागरी वाहत असू. मी बंबवाल्याची मुलगी, मला ती सगळी आरडाओरड गबाळी वाटली. पण संध्याकाळपर्यंत आग विझली होती, आणि घरी परतताना सगळ्यांची तोंडं सारखीच काळी होती.

थोरला मुलगा माझ्या कडेवर होता त्या वर्षी, चैत्रात, मोठी आग झाली. एकाने राब भाजायला घेतला होता. भाताचं बी टाकायचं त्या जागेवर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. वारा पडलेला बघूनच राब लावायचा असतो आणि त्यानेही बघूनच लावला होता. पण वारा फिरला. आग बांध ओलांडून गवतात शिरली आणि तिला दोन तोंडं फुटली. एक वर, संस्थानच्या राखीव रानाकडे, जिथे हिरड्याची झाडं होती. दुसरं खाली, आमच्या आळीकडे.

मालक आळीतल्या पहिल्या घराच्या छपरावर चढले. घरात अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी होती. मालकांनी कोयत्याने बंध तोडले आणि जळतं गवत पायाने खाली लोटायला सुरुवात केली. खालून नातवांनी म्हातारीला खाटेसकट बाहेर काढली. ते घर वाचलं नाही, पण पुढची आळी वाचली. मी खाली उभी राहून ओरडत होते, काय ते आठवत नाही. त्याच वेळी बाकीचा गाव वर रानात आग झोडपत होता, आणि खरं सांगायचं तर ते काम जास्त अवघड होतं. संस्थानचं रान त्यांनीच राखलं. पण छपरावर उभा असलेला माणूस सगळ्यांना दिसतो.

पावसाळा सरल्यावर कचेरीतून निरोप आला की दसऱ्याच्या दरबारात या गावाचा सन्मान व्हायचा आहे, गावाने आपला माणूस पाठवावा. चावडीवर सगळे जमले. आधी सगळे म्हणाले, समदेच जाऊ. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की भात कापणीला येत आहे, रानडुकरांपासून ते राखायला कोण राहणार. मग म्हणाले, एकच जाऊ दे. कोण, यावर घोळ सुरू झाला. शेवटी पाटलांनी तोड काढली.

"ह्यांची सासुरवाडी भोरातच हाय. ऱ्हायाची, जेवायची सोय आपसूक व्हतीया. हेच जाऊ देत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मालक छपरावर चढले होते ही आठवण त्यानंतर निघाली. म्हणजे माझं माहेर भोरऐवजी दुसरीकडे असतं तर ते कडं दुसऱ्याच कुणाच्या हातात गेलं असतं आणि माझा जन्म सुखात गेला असता. हे मी मालकांना भांडणात कितीदा ऐकवलं आहे. ते हसायचे.

बैलगाडीने निघालो. वाट थोडी वाकडी करून वरव्याला नणंदेकडे मुक्काम केला. तिने भावाला ओवाळलं. दरबारात आम्हा बायकांना चिकाच्या पडद्यामागे बसवलं होतं. मालकांचं नाव पुकारलं तेव्हा ते चालायचंच विसरले, शिपायाने कोपर लावलं तेव्हा पुढे झाले. शेला मिळाला, फेटा बांधला, आणि मनगटात जाड चांदीचं कडं चढवलं, त्यावर संस्थानचा शिक्का. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता आणि नंतरही नाही.

बंबावरची माणसंही त्या दिवशी ओळीने उभी होती. पेठेतली एक आग त्यांनी विझवली होती. त्या सगळ्यांना सारखाच एकेक शेला आणि नारळ मिळाला. जेवताना वडील जावयाच्या हातातल्या कड्याकडे बघत राहिले आणि मग मला म्हणाले, "बाय, आमच्यातल्या एकाला कडं दिलं असतं ना, तर बाकीच्यांनी दांडा सोडला असता."

मला ते खुपलं. जावयाचं कौतुक बघवत नाही, असं वाटलं. मी ताटात भात जरा जोरानेच वाढला.

गावाच्या वेशीवर हलगी वाजत होती. म्हाताऱ्यांनी देवळात बसून ठरवलं, की आता हा गावचा मान झाला. आमच्याकडे मान म्हणजे नुसता विडा-नारळ नव्हे. जत्रेत पालखीला पहिला खांदा ज्याचा, त्यानेच पालखी वर्षभर सांभाळायची. देवाच्या दिव्याचा मान ज्या घराचा, तेल-वातही त्याच घराची. तसा आता आगीचा मान आमच्या घराचा झाला. होळी मालकांनी पेटवायची, पहिला नारळ त्यांनी टाकायचा. मी पुरणाचा नैवेद्य घेऊन सगळ्यांच्या पुढे चालले. त्या होळीला कुणाच्याच मनात आलं नाही, मालकांच्या नाही आणि माझ्याही नाही, की होळीबरोबर बाकीच्या आगीही आमच्या अंगावर आल्या आहेत.

पुढच्याच महिन्यात ते कळलं. आमच्या चुलत दिरांच्या पेंढ्याच्या गंजीने पेट घेतला. मालक मार्गासनीला मीठ आणायला गेले होते. मी घागर घेऊन धावले. बघते तर सगळा गाव गंजीभोवती गोळा झालेला, हातात डहाळ्या आहेत, आणि कुणी हलत नाही. दीर स्वतः बांधावर उकिडवे बसलेले. मी म्हटलं, "अवं, बसलाय काय?" ते म्हणाले, "दादा येऊ द्या की वैनी. निरोप धाडलाय."

मी एकटीने घागर ओतली. तिने काय होणार? मालक धापा टाकत आले तोवर गंजीची राख झाली होती. दीर उठून त्यांना म्हणाले, "तुमच्या आदी हात लावला असता तर तुमचा अपमान झाला असता, दादा."

आणि ते मनापासून म्हणाले. कुणाला वाटेल, कुजकेपणा असेल. कुजकेपणा असता तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण मानकऱ्याच्या आधी पालखीला खांदा द्यायचा नाही, तसं मानकऱ्याच्या आधी आगीला हात लावायचा नाही, असं त्या भल्या माणसांना खरोखर वाटत होतं. त्या उन्हाळ्यात दिरांच्या बैलांच्या बरगड्या दिसायला लागल्या. आमची अर्धी गंजी आम्ही त्यांना दिली.

मग दरवर्षी तेच. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत डोंगराला कुठे ना कुठे धूर दिसायचा आणि आमच्या दारात हाक यायची, "मानकरी, चला." पहिली डहाळी मालकांनी मारायची. सुरुवातीला त्यांच्यामागून बाकीचे हात लावत. हळूहळू मागची माणसं कमी झाली. ज्याचा मान त्याचं काम, हे अंगवळणी पडलं. बाया चुलीत पाणी ओतायच्या बंद झाल्या. मी घागरी घेऊन मालकांच्या मागे चढत असे तेव्हा खालच्या घरांतून भाकरीचा वास यायचा, आणि मला इतका राग यायचा की घागरीतलं पाणी हिंदकळायचं.

"तुमी सांगा ना त्यास्नी," मी म्हणायची. माझी भाषाही तोवर गावची झाली होती.

"काय सांगू? मान नको म्हणू?"

"व्हय. नको म्हणा. कडं परत करा."

"दरबारची वस्तू परत करत्यात व्हय कुणी?"

यात सगळा दोष गावाचा नव्हता. मालकांना तो मान आवडत होता. राखेने ते कडं घासत बसायचे. छपरावर चढायच्या आधी त्या माणसाला गावात कुणी बैस म्हटलं नव्हतं. जमीन थोडी, बोलायला अडखळत, भावकीत सगळ्यांत धाकटं घर. आता पाटील त्यांच्यासाठी घोंगडी सरकवत होते. मी हे बघत होते, म्हणून माझाही राग कधी तडीला गेला नाही. रागावायचं, आणि पुन्हा घागर उचलायची, असंच चाललं.

धुराने त्यांची छाती धरली. आधी नुसता खोकला होता. मग चढ चढताना धाप, मग सपाटीवरही. मी अडुळशाचा काढा देत होते. चुलीचा धूर सोसेना म्हणून चूल पडवीत नेली आणि पावसाळाभर भिजत स्वयंपाक केला. भोरला नेलं तेव्हा वैद्यांनी पाठीला कान लावला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की आता एकदा जरी आगीच्या तोंडाशी उभे राहिले तरी परत येतील असं समजू नका. घरी येताना गाडीत मालकांनी विचारलं, वैद्य काय म्हणाले. मी सांगितलं. ते डोंगराकडे बघत बसले.

दसऱ्याला पाटील आणि दोघं म्हातारे घरी आले. गूळपाणी झालं. पाटील म्हणाले, "तुमी आता बसून ऱ्हावा. येत्या होळीला थोरल्याला फेटा बांधू. मान घरातच ऱ्हातोय."

थोरल्याचं नुकतं लग्न झालं होतं. सून गरोदर होती. तो म्हणाला, "जाईन की." आणि मालकांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. ओट्यावर बाप धापा टाकत होता आणि मुलाला तेच काम मिळाल्याचा आनंद करत होता. थोरल्याची छाती मी लहानपणी तेलाने चोळली होती. आता तीही धुरात घालायची आणि मी म्हातारपणी पुन्हा काढे उकळत बसायचं. मला ते शक्य नव्हतं. मी थकले होते. शूरपणाने काही केलं असं कुणी म्हणू नये. थकलेली बाई काहीही करते.

त्यांना मी सरळ विचारलं. "कडं द्या. मोडून घरोघर वाटते. ज्याच्या घरात कडं त्याचा मान, असंच हाय न्हवं? मग समद्यांच्याच घरात असू दे."

ते भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळी मी उठले तर कडं जात्यावर ठेवलेलं होतं. एके काळी ते काढायला साबण लागायचा. आता मनगटावरून आपोआप उतरत असणार. मी ते पदरात घेतलं आणि मला रडू आलं, पण मी ते परत नेऊन दिलं नाही.

नसरापूरच्या बाजारात एक सोनार बसत असे. त्याने शिक्का बघितला आणि हात मागे घेतला. मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याच्या छातीची किंमत हाय ती. मोडा." त्याने मोडलं. बारीक बारीक मणी करून दिले.

संक्रांतीला बायका वाण लुटतात. सुवासिनीने पदर पसरून घेतलेलं वाण परत करता येत नाही, त्याला नाही म्हणता येत नाही. मी प्रत्येक सुगडात गाजर, बोरं, गव्हाच्या ओंब्या आणि त्याखाली एक मणी घातला. देवळात एकेकीच्या पदरात घालत गेले. पाटलीणबाईंच्या, चुलत जावेच्या, त्या जळालेल्या घरातल्या नातसुनेच्या. विधवांना वाण देत नाहीत. त्यांच्या अंगणात तुळशीपाशी मणी ठेवून आले. मणी सापडल्यावर बायका विचारायला आल्या. मी खरं तेच सांगितलं. एकदोघींनी कपाळाला हात लावला, पण परत कुणी दिला नाही. आपापल्या घरी त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला, आणि पुरुषांना सांगितलं नाही.

होळीला पाटील फेटा घेऊन उभे राहिले. थोरला पुढे झाला. मी म्हटलं, "कडं आता आमच्याकडं न्हाई. तुमच्या देव्हाऱ्यात बघा." पाटलांना काही कळेना. तेव्हा पाटलीणबाई मागून म्हणाल्या, "वाण घेतलंय म्या. समद्यांनी घेतलंय."

मग जी बाचाबाची झाली ती नैवेद्य गार होईपर्यंत चालली. दरबारची वस्तू मोडली, गावाची अब्रू घालवली, बाईने मानात हात घातला. मी मान खाली घालून सगळं ऐकलं. एक म्हातारे मात्र पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "पर मग होळी पेटवायची कुणी?" शेवटी प्रत्येक घरातून एकेक पेंढी आणली, सगळ्या एकत्र धरल्या आणि ढकलाढकली करत एकदाची होळी पेटवली. मालक आले नव्हते. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, पहिला नारळ कुणी टाकला. मी म्हटलं, लक्षात नाही.

चैत्रात भर दुपारी वरच्या अंगाला धूर दिसला. कुणाचा तरी राब उधळला होता. मालक खाटेवर उठून बसले. त्यांनी उशाखालचं मुंडासं काढलं आणि डोक्याला गुंडाळू लागले. थोरला कोयता हातात घेऊन दारात थांबला. त्यालाही हाकेचीच सवय होती. आम्ही तिघं तसेच हाकेची वाट बघत राहिलो.

गल्लीत पावलं वाजली. दीर पळत गेले, मग पाटलांचे दोघं मुलगे, मग बायका, घागरीवर घागर आपटत. शेजारच्या पडवीत चुलीत पाणी ओतल्याचा चर्र आवाज झाला. एकही माणूस आमच्या दाराशी थांबला नाही. थोरल्याने माझ्याकडे बघितलं आणि तो त्यांच्यातच मिसळून पळाला. इतकी माणसं त्याच्या पुढेमागे होती की वळणावर मला तो ओळखूही आला नाही. बरं वाटलं. इतक्या वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

गल्ली रिकामी झाली. मी आत वळले. मालक मुंडासं अर्धवट बांधून बसले होते, एक शेव खांद्यावर लोंबत होता. उजव्या हाताने ते डावं मनगट चाचपत होते.

"कुणी हाक न्हाई मारली गं," ते म्हणाले.

मला हवं होतं तेच झालं होतं. मी मुंडाशाचा तो शेव उचलून खोचला, त्यांच्या पाठीशी बसले, आणि वर डोंगरावरून माणसांचा गलका ऐकू येत होता तोवर त्यांची छाती चोळत राहिले.